इंजिनावरची धूळ

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे गाव रेल्वेमुळे नावारूपास आले. येथूनच 1897 साली बार्शीकडे जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती आखली होती. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, असा त्याचा कटाक्ष होता. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही ही गाडी बरेच ओझे वाहून नेत असे. पुढे 1906 मध्ये ती पंढरपुरास पोहोचली, 1911 मध्ये लातुरास आणि 1927 मध्ये मिरजेस. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी तिचे डबे फुलून जात. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे सारे मार्ग रुंद करण्यात आले आणि छोटी गाडी लोकांच्या आठवणीत तेवढी उरली.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात एक रंगारी होते. दुरुस्त होऊन आलेले इंजीन खरवडून स्वच्छ करावयाचे, त्याला अस्तराचा हात द्यावयाचा आणि मग काळा रंग असा चढवावयाचा, की त्यात पाहणाऱ्याचे तोंड दिसावे, हे त्यांचे काम. त्यांचे थोरले बंधू अण्णा त्याच मार्गावर इंजीनचालक होते. धाकट्याने इंजीन उजळून द्यावे आणि थोरल्याने ते चार दिवसांत काळेकुट्ट करून आणावे, यावरून घरात नेहमी थट्टा चाले.

1978 साली या रंगाऱ्यांनी अण्णांच्या इंजिनाची एक प्रतिकृती करावयास घेतली. मूळ वस्तूच्या प्रत्येक मापाला 48 ने भागावे, असे प्रमाण त्यांनी ठरविले. त्या हिशेबाने अडीच फुटांचे रूळ सोळा मिलिमीटरांहूनही किंचित कमी रुंदीचे झाले. संध्याकाळी काम सुटल्यावर ते फूटपट्टी घेऊन इंजिनाजवळ उभे राहत आणि एकेक माप वहीत टिपून घेत. पितळी पत्रा कापून त्यांनी सांगाडा केला, बॉयलर वळविला, चाकेही बसविली. पण पुढे संसार वाढला. दिवसपाळी, रातपाळी, मुलांची शिक्षणे यांत हात रिकामा राहीना. अर्धवट इंजीन धोतराच्या फडक्यात गुंडाळून एका पेटीत गेले आणि पेटी माळ्यावर गेली. ती तेथे चाळीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिली.

ती खाली आली नातीमुळे. शाळेच्या सहलीत तिने पुण्याला, कोथरूडमध्ये, 1998 पासून चालू असलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले होते. घरी येताच तिने आजोबांची पाठ धरली. "आजोबा, तुमचे इंजीन कोठे आहे? मला दाखवा ना!"

नातीचा हट्ट एवढेच कारण असते, तर पेटी कदाचित पुन्हा माळ्यावर गेली असती. पण त्याच महिन्यात अण्णांना सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले होते. डोळ्यांच्या आतला पडदा झिजत चालला होता. चष्म्याने तो सुधारण्यासारखा नव्हता. समोर पाहिले, की मधोमध धूसर डाग दिसे. कडेचे तेवढे स्पष्ट दिसे. जे काही त्यांना दाखवावयाचे, ते लवकर दाखविणे भाग होते. अण्णांचे इंजीन तर केव्हाच भंगारात निघाले होते आणि त्याचे एकही छायाचित्र घरात नव्हते.

आजोबांनी पुन्हा काम हाती घेतले, तेव्हा पहिला अडथळा त्यांच्या स्वतःच्या हातांचा आला. डाख देताना बोटे कापत. मग त्यांनी दोन विटांवर घडी केलेले पोते ठेवले, त्यावर कोपर टेकविले आणि मनगटाखाली पुस्तक घेतले. कोपर स्थिर झाले, की कंप बराच कमी होतो, हे त्यांना जुन्या सवयीने ठाऊक होते. तीन महिन्यांत इंजीन पुरे झाले. शेवटी त्यावर त्यांनी आपल्या हातचा, ख्यातीचा काळा रंग चढविला. इंजीन आरशासारखे लखलखू लागले.

अण्णांना ते दाखविले. त्यांनी ते हातात घेतले, मान थोडी तिरकी करून इकडून तिकडून न्याहाळले आणि हळूच खाली ठेवले.

"छान आहे रे. दुकानातले वाटते," एवढेच ते म्हणाले आणि पावसाचे काय, अशी चौकशी करू लागले.

आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. नातीने मात्र अण्णांच्या बोलण्याचा विचार केला. माप चुकले नव्हते; वहीतला आकडा न् आकडा बरोबर होता. मग चुकले कोठे?

खरी वस्तू आणि तिची प्रतिकृती यांत केवळ आकाराचा फरक नसतो. खऱ्या वस्तूवरून ऊन, पाऊस, धूर आणि माणसांचे हात गेलेले असतात. ही गोष्ट ज्यांनी ओळखली, त्यांत अमेरिकेतील जॉन ॲलन यांचे नाव अग्रभागी येते. हे गृहस्थ व्यवसायाने छायाचित्रकार. त्यामुळे प्रकाश आणि छाया यांची त्यांना उत्तम जाण होती. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आपल्या घराच्या तळघरात त्यांनी 1950 नंतरच्या वर्षांत एक भली मोठी छोटी रेल्वे उभारली. तिच्यात डोंगर जमिनीपासून छतापर्यंत पोहोचत, आणि जागा मोठी भासावी म्हणून ठिकठिकाणी आरसे दडविलेले होते. त्या काळी हौशी लोक आपली इंजिने चकचकीत ठेवीत. ॲलन मात्र आपल्या इंजिनांवर काजळी आणि गंज रंगवीत, डबे विटलेले दाखवीत. त्यांनी रेल्वेला दिलेले नावही असे गमतीचे होते, की मोठ्याने उच्चारले असता इंग्रजीत त्याचा अर्थ 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असा ऐकू येई. शिवाय यार्डात डबे इकडून तिकडे ढकलण्यासाठी त्यांनी एक डायनासोर ठेवला होता. त्याच्यावर 13 हा क्रमांक होता! जानेवारी 1973 मध्ये ॲलन वारले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आग लागून ती रेल्वे बहुतांशी जळून गेली. पण त्यांनी काढलेली छायाचित्रे उरली, आणि ती पाहून जगभरच्या हौशी लोकांनी नव्या वस्तूला वापरलेपणाचे रूप देण्याची विद्या उचलली.

जन्मभर जुन्याचे नवे करणाऱ्या माणसाला आता नव्याचे जुने करावयाचे होते. आजोबांना ते जड गेले. "चांगल्या रंगावर मळ फासावयाचा? माझ्याने व्हावयाचे नाही," असे ते दोन दिवस म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच नातीला बोलावून एक हिशेब घातला.

"हे इंजीन तू एक फुटावरून, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटरांवरून पाहतेस. मग खरे इंजीन किती अंतरावरून पाहिल्यासारखे झाले?"

"तीस गुणिले अठ्ठेचाळीस," नात म्हणाली. "चौदाशे चाळीस सेंटिमीटर. चौदा मीटरांहून थोडे जास्त!"

"चौदा मीटरांवरून काळा रंग असा डांबरासारखा काळा दिसत नाही. त्यावर आभाळाचा उजेड पडतो, मध्ये धूळ असते. तो करडा दिसतो. तेथेच माझे चुकले."

मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून त्यांनी इंजिनाला निस्तेज करडेपणा आणला. वरून पडणारे ऊन टपावर अधिक लागते, म्हणून टप आणखी फिका केला. पुढचा भाग, जेथे धूर साठतो ती पेटी, रोज तापते. तेथला रंग जळून राखेसारखा होतो, तसा तो केला.

त्यानंतर खोबणींची पाळी आली. तैलरंगाचा एक थेंब भरपूर टर्पेंटाइनमध्ये विरघळविला, की गढूळ पाण्यासारखा पातळ रंग होतो. कुंचल्याच्या टोकाने तो रिव्हेटपाशी नुसता टेकवावा. सांध्यांतून तो आपोआप पुढे सरकतो आणि कोपऱ्यात सावलीसारखा बसतो. दिव्याच्या वातीत तेल ज्या गुणाने चढते, तोच हा गुण. परंतु येथे एक धोका होता. खालचा रंगही टर्पेंटाइनमध्ये विरघळणारा असेल, तर तोही उखडून येतो. आजोबांनी आधी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर प्रयोग करून पाहिला आणि खरोखरच सगळा रंग बोळ्याबरोबर निघून आला. तेव्हा इंजिनावर त्यांनी प्रथम पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक रोगणाचा एक हात दिला, तो दोन दिवस वाळू दिला आणि मगच, खिडक्या सताड उघडून, हे काम केले.

गंजाचे काम नातीने मागून घेतले. लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाली, की गंज चढतो. रंगाला जेथे टवका उडतो तेथे त्याची सुरुवात होते. गंजाला लोखंडापेक्षा जागा अधिक लागते, म्हणून तो आजूबाजूचा रंग उचलून धरतो आणि आत आत शिरतो. गेरू आणि पिवडी यांचा रंगही लोखंडाच्या अशाच संयुगांमुळे असतो. तेव्हा गंज रंगविण्यास गेरूसारखा दुसरा पदार्थ नाही. जुना गंज गडद तपकिरी, नवा नारिंगी. नव्यासाठी गेरूत पिवडी मिसळावी. नातीने स्पंजाच्या तुकड्याने ठिपके उमटविले. ते तिला इतके आवडले, की संध्याकाळपर्यंत सबंध इंजीन तांबूस होऊन गेले.

आजोबा पाहून हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी पट्टी आणली आणि एका ठिपक्यावर ठेवली. ठिपका दोन मिलिमीटरांचा होता.

"खऱ्या इंजिनावर हा केवढा होईल?"

"शहाण्णव मिलिमीटर. म्हणजे... जवळजवळ माझ्या तळहाताएवढा!"

"असे शंभर डाग घेऊन अण्णा गाडी नेत होते काय? अगं, हे चालते इंजीन होते. फायरमन रोज तेलाच्या चिंधीने ते पुसत असे. बेवारशी इंजीन गंजते. चालत्या इंजिनावर तेल असते, आणि तेलावर धूळ बसते."

नवशिक्यांचे हातून बहुधा हेच होते. एक डाग चांगला दिसला, की शंभर अधिक चांगले दिसतील असे त्यांना वाटते. वास्तविक प्रत्येक डागाला कारण असावे लागते. ज्याचे कारण सांगता येत नाही, तो पुसून टाकावा. नातीने ओल्या फडक्याने गंज पुसला. पायऱ्यांच्या खाली आणि कोळशाच्या कप्प्याच्या काठावर, जेथे कोळसा घासून रंग जातो, तेथे तेवढा राहू दिला.

धुळीसाठी ते दोघे बार्शीच्या वाटेवरील एका शेतातून मूठभर काळी माती घेऊन आले. तिचे कण या लहानशा इंजिनावर धोंड्यांसारखे दिसले असते. म्हणून माती पाण्यात ढवळली. जड कण लगेच तळाशी बसले. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून रात्रभर ठेवले आणि सकाळी तळाशी बसलेला साय-साय गाळ वाळवून घेतला. ती भुकटी मऊ कुंचल्याने चाकांच्या आसपास झटकली. धुराड्याच्या तोंडाशी दिव्यावर धरलेली काजळी लावली. शेवटी आजोबांनी डोळे मिटून थोडा वेळ आठविले आणि वाफेच्या झडपेखाली चुनखडीचा एक बारीक पांढरा ओघळ काढला. इकडच्या विहिरींचे पाणी क्षारयुक्त. ते वाफेबरोबर उडून वाळले, की बॉयलरवर असे ओघळ उमटत. ते घासून काढण्यात त्यांचे निम्मे आयुष्य गेले होते.

दिवाळीनंतर अण्णा पुन्हा आले. त्यांची दृष्टी एव्हाना आणखी मंदावली होती. नातीने इंजीन त्यांच्या हातात ठेवले. ते उठून खिडकीशी गेले, उन्हाकडे पाठ करून मान तिरकी केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांचे बोट त्या पांढऱ्या ओघळापाशी थांबले.

"ही झडप गळत होती," ते म्हणाले. "तीन वेळा लिहून दिले होते मी. शेटफळच्या चढावर फार त्रास देई."

"ठाऊक आहे, अण्णा," आजोबा म्हणाले. "मीच पुसत होतो ना तो ओघळ."

अण्णांनी इंजीन आणखी जवळ घेतले. "पण ही पायरी चुकली. इकडच्या बाजूला चकाकी जास्त हवी. पाणी भरावयास आमचा फायरमन इकडूनच चढे. त्याच्या बुटांनी लोखंड अगदी रुप्यासारखे झाले होते."

आजोबा कुंचला शोधू लागले. नातीने आपल्या दप्तरातून शिसपेन्सिल काढली. रंगावर शिसे घासले, की उघड्या धातूची झाक येते, हे आजोबांनीच तिला शिकविले होते. अण्णांनी इंजीन दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि ती त्या चिमुकल्या पायरीवर पेन्सिलीचे टोक हलके हलके फिरवू लागली.

"आणखी थोडे," अण्णा म्हणाले. "काठाशी."