पहिली कयाक घेताना: आधी पाणी पाहा, मग होडी

मराठवाड्यातल्या पिशोर परिसरात गळ टाकणाऱ्या माणसाला कधी ना कधी काठ अपुरा वाटू लागतो. अंजना-पळशी प्रकल्पाचं पाणी दिवाळीनंतर मागे सरकू लागतं, काठाला गुडघाभर गाळ उघडा पडतो आणि मासा आत निघून जातो. मरळ बुडीत झुडपांच्या आडोशाला, कटला खोल पाण्यात. मग मोबाइलवर पाहिलेली ती चिंचोळी, रंगीत कयाक डोळ्यांसमोर नाचू लागते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडची अनेक तरुण मुलं मला विचारतात, “काका, पैसे थोडे आहेत, कोणती घेऊ?” प्रत्येकाला मी आधी आमच्या घरच्या पहिल्या होडीची हकीकत सांगतो आणि सल्ला त्यानंतर देतो.

अद्रकाला बरा भाव मिळाला त्या वर्षी चुलतभावाने आणि मी पैसे एकत्र करून हवा भरायची, दोन माणसांची कयाक मागवली. विक्रेत्याने फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, कापड तिपदरी आहे, 180 किलो भार सहज घेते, कुठल्याही पाण्यात चालते. घडी करून पोत्यात मावते, मोटारसायकलवर नेता येते, हेही खरंच होतं. लाइफ जॅकेटसाठी पैसे उरले नव्हते. पण आईने हट्ट धरला, ‘जाकिटं अंगावर असल्याशिवाय पोरं पाण्यात जाणार नाहीत’. तेव्हा ओळखीच्या एकाकडून दोन मागून आणली.

सकाळ चांगली गेली. दुपारी वारा सुटला. आम्ही दोघं, सामान, पाणी आणि दगडाचा नांगर मिळून भार 165 किलोच्या आसपास होता. त्यामुळे कयाक मधोमध वाकून बसली होती आणि वल्हं मारलं तरी पुढे सरकण्याऐवजी आडवी वाहत होती. वाहत वाहत ती बुडीत रानाकडे गेली आणि पाण्याखालच्या बाभळीच्या खुंटाने एका बाजूचा कप्पा फाडला. दुसऱ्या कप्प्यात हवा होती, अंगावर जाकिटं होती, म्हणून आम्ही तरंगत राहिलो. जाळं उचलायला आलेल्या मच्छीमार मामांनी त्यांचा थर्माकोलचा चप्पू, म्हणजे तराफा, जवळ आणला आणि आम्हाला काठाला लावलं. “पोरंहो,” ते म्हणाले, “वर पाणी दिसतं, पण खाली सगळं रान हाय.” विक्रेत्याला कळवलं, तर काट्याने फाटलेल्या मालाला हमी लागू नाही, असं उत्तर आलं.

त्यानंतर मी बऱ्याच होड्या पाहिल्या, चालवल्या, दुरुस्त होताना पाहिल्या. पैसे कमी असले तर काटछाट होडीच्या लांबीत, रंगात, खुर्चीत, नवेपणात करावी. पाण्याला साजेशा तळात आणि जिवाच्या सामानात ती करू नये. खाली जे सांगतो आहे ते याच मताचं विवेचन आहे.

धरण म्हणजे बुडालेलं शिवार

मराठवाड्यातल्या धरणांच्या तळाशी काल-परवापर्यंतची शेतं आहेत. बांध, जुन्या विहिरींचे कठडे, बाभळी, बोरी, तारेची कुंपणं सगळं पाण्याखाली आहे. पाण्याची पातळीही वर्षभर एक राहत नाही. दिवाळीत ज्या खुंटावरून होडी निर्धास्त जाते, तोच खुंट फेब्रुवारीत पाण्याखाली वीतभर असतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी आटलं की आपल्या धरणाचा काठ एकदा पायी फिरून घ्या आणि उघडे पडलेले खुंट, विहिरी, खडक वहीत टिपून ठेवा. हा नकाशा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

दुसरा धोका विजेचा. फुगवट्याच्या काठाला शेतकऱ्यांचे उपसा पंप असतात, त्यांच्या केबल पाण्यातून गेलेल्या असतात आणि त्यांचे जोड कधी कधी नुसत्या चिकटपट्टीवर असतात. अशा केबलजवळ होडी नेऊ नका, वल्ह्याने ती उचलू नका, पंप सुरू असो की बंद.

तिसरा धोका वाऱ्याचा. पाणी जितकं लांब-रुंद, तितकी लाट मोठी. आमच्या मध्यम प्रकल्पावर जी होडी चालते, ती जायकवाडीवर चालेलच असं नाही. पैठणच्या त्या धरणाची भिंतच सुमारे दहा किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या नाथसागर जलाशयावर दुपारच्या वाऱ्याने समुद्रासारख्या लाटा उठतात. शिवाय तो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय होडी घालायचा विचारही करू नये.

कोणती घ्यावी

हवेची कयाक स्वच्छ, उघड्या पाण्यासाठी ठीक आहे. बाभळीच्या रानात ती पहिली होडी म्हणून मी कुणाला सुचवणार नाही.

थर्माकोलचा चप्पू भोई आणि इतर मच्छीमार बांधव वर्षानुवर्षं वापरतात. त्याचा मोठा गुण असा की भोक पडलं तरी तो बुडत नाही. पण त्याला कड नसते, त्यावर गुंडाळलेल्या ओल्या पोत्यावरून पाय घसरतो, वाऱ्याने तो भरकटतो आणि झिजलेल्या थर्माकोलचे दाणे पाण्यात पसरून माशांच्या पोटात जातात. तो चालवणाऱ्यांचा तोल आयुष्यभराच्या सरावाने आलेला असतो. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलवर बसून शाळेला जातात, ही बातमी 2023 मध्ये देशभर गेली. त्या मुलांपुढे दुसरा रस्ता नव्हता. हौसेने गळ टाकणाऱ्यापुढे तो असतो, म्हणून त्याने ही जोखीम घेऊ नये. ट्रकच्या ट्यूबबद्दलही माझं हेच म्हणणं आहे.

कठीण प्लास्टिकची कयाक दोन प्रकारची मिळते. एकीत माणूस आत, पोकळीत बसतो. दुसरीत वर, उघड्या बैठकीवर बसतो. मासेमारीसाठी दुसरी घ्या. पोकळीची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि एकट्याला ती रिकामी करणं फार अवघड जातं. उघड्या बैठकीची कयाक सीलबंद असते, वर आलेलं पाणी तिच्यातल्या आरपार छिद्रांतून खाली निघून जातं, आणि उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येतं.

लांबी 9 ते 10 फूट पुरे. रुंदी मात्र 75 सेंटिमीटरच्या खाली नको, 80 च्या वर असेल तर उत्तम. लांब आणि अरुंद होडी वेगाने जाते, आखूड आणि रुंद होडी स्थिर राहते. मासा ओढताना आपल्याला स्थिरता हवी असते.

भाराचा हिशेब कागदावर मांडा. तुमचं वजन 75 किलो, सामान, पाणी, नांगर आणि मिळालेला मासा धरून आणखी 20 किलो, म्हणजे एकूण 95. विक्रेता सांगतो तो भार होडी जेमतेम तरंगत ठेवणारा असतो. त्याच्या दोन-तृतीयांशावर थांबावं. म्हणजे 95 किलोसाठी किमान 143 किलो क्षमतेची कयाक हवी. दोन माणसांची म्हणून विकली जाणारी स्वस्त कयाक एकट्यानेच वापरावी.

होडीचं स्वतःचं वजनही विचारा. अशा कयाकचं वजन साधारण 20 ते 35 किलो असतं. उन्हाळ्यात पाण्याच्या काठापर्यंत गाळातून ती ओढत न्यावी लागते. एकट्याला उचलत नसेल तर ती घरीच पडून राहते.

जुनी घेताना

कमी पैशात जुनी, कठीण कयाक नव्या हवेच्या कयाकपेक्षा केव्हाही बरी. पण फोटो पाहून पैसे पाठवू नका, स्वतः जाऊन पाहा. तळ अंगठ्याने दाबा, जिथे दबतो तिथे प्लास्टिक झिजलेलं आहे. आरपार छिद्रांच्या आतल्या कडांना बारीक चिरा आहेत का, ते बॅटरी लावून पाहा, कारण गळती बहुधा तिथूनच सुरू होते. बूच काढून आत दोन बादल्या पाणी ओता, होडी चारी बाजूंनी कलती करा आणि कुठून ठिबकतं ते पाहा. रंग उडून पांढरट, ठिसूळ झालेली होडी उन्हात पडून राहिलेली असते, ती नको.

दुरुस्तीचाही विचार आधी करा. फायबरची होडी फुटली तर फायबरची चटई आणि रेझिन लावून ती गावाजवळही सांधता येते. कठीण प्लास्टिकच्या कयाकमधल्या पॉलिइथिलीनला मात्र डिंक धरत नाही, त्याला उष्णतेने वेल्डिंग करावं लागतं. ठिबक आणि पाइपलाइनचं काम करणारे कारागीर ते करू शकतात, पण घेण्यापूर्वी त्यांना विचारून ठेवा.

पैशांची वाटणी

हाती असलेल्या रकमेतला किमान चौथा हिस्सा होडी घेण्याआधीच बाजूला काढा. त्यात पहिलं लाइफ जॅकेट. चांगलं पोहता येत असेल आणि काठ जवळ असेल तर 50 न्यूटनचं चालतं. पोहता येत नसेल तर 100 न्यूटनचं घ्या आणि तरीही आधी पोहायला शिका. मग वल्हं. रुंद कयाकसाठी ते 220 ते 240 सेंटिमीटर लांब हवं, आणि दोरीने होडीला बांधलेलं असावं. मग शिट्टी, चाकू, पाण्यात न भिजणारी मोबाइलची पिशवी आणि नांगराची दोरी. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. बाजूला बांधला तर वाऱ्यात होडी उलटते. पैसे उरले तर रॉड ठेवायचे स्टँड आणि गादीची खुर्ची. नाही उरले तरी मासा अडत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी

धरण जलसंपदा विभागाचं असतं आणि त्यातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यावर त्यांची घरं चालतात. संस्थेच्या सचिवांना भेटा, परवानगी घ्या, त्यांच्या जाळ्यांवरून होडी नेऊ नका. पाण्याची खरी माहितीही त्याच लोकांकडे आहे. ज्यांचा उदरनिर्वाहच मासेमारीवर आहे, त्यांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी करावी. तिच्यात अपघाती मृत्यूसाठी 5 लाख रुपयांचं विमासंरक्षण ठेवलेलं आहे. सभासद असूनही अनेकांना ते ठाऊक नसतं.

पहिला सराव कंबरभर पाण्यात, काठावर माणूस उभा ठेवून करा. होडी मुद्दाम उलटवा, सरळ करा, पुन्हा चढा. हे जमेपर्यंत आत जाऊ नका. मात्र हा सराव शेततळ्यात कधीही करू नका. त्याच्या प्लास्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचं आभाळ दाटलं की गळ गुंडाळून काठ गाठा. वीज पडायची तर उघड्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

माझं शेवटचं सांगणं एवढंच: पैसे पुरत नसतील तर एक हंगाम थांबा. काठावरूनही मासा लागतो. पण जॅकेटविना, सरावाविना, संस्थेला न सांगता स्वस्तातली होडी घेऊन पाण्यात उतरू नका. घरी कुणीतरी तुमची वाट पाहत असतं.