बाबांच्या हिशोबपट्टीपासून सुरुवात कर

छोटे,

तुझा मेसेज वाचला. वर्गातल्या मुली लॅबमध्ये भराभर पायथन लिहितात आणि तुला कीबोर्डावर अक्षरं शोधावी लागतात, म्हणून इंजिनीअरिंग आपल्यासाठी नाहीच असं तुला वाटायला लागलंय. अगं, त्यांतल्या बऱ्याच जणींनी बारावीला आयटी नाहीतर कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं असतं. त्यांनी आधी सुरुवात केली, एवढंच. रोज तासभर नेटाने बसलीस, तर हे अंतर भरून निघतं.

आणि ‘उंद्रीसारख्या खेड्यातली पोरगी काय करणार’ हे तर मनातून काढूनच टाक. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. जन्म १९४६चा. इंजिनीअरिंग त्यांनी नागपुरात केलं. पुढे अमेरिका आपल्याला महासंगणक द्यायला तयार होईना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ला ‘परम ८०००’ तयार झाला. वऱ्हाडातल्या खेड्यात जन्मलेल्या माणसाच्या हातून हे झालंय. तुला महासंगणक बनवायचा नाहीये, सध्या एक छोटा प्रोग्रॅम लिहायचाय.

कोणता, ते सांगते. क्लासवाले कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट करायला लावतात. ते हात बसण्यासाठी ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस. बाबांनी सोयाबीन विकल्यावर हिशोबपट्टी मिळते ना, ती समोर घे. कट्टे किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती आले. हे सगळं प्रोग्रॅमला विचारू दे. मग त्यात हमीभाव घाल. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने किती आले असते आणि फरक किती पडला, हे पडद्यावर दिसू दे.

बघायला सोपं वाटतं, पण करताना खरं शिक्षण होतं. कोणी वजन किलोत टाकेल, कोणी क्विंटलमध्ये. कोणी रकाना मोकळाच सोडेल आणि प्रोग्रॅम बंद पडेल. एक गंमत सांगू? पायथनमध्ये ‘५०’ असे मराठी अंक टाकले, तरी इंट हे फंक्शन त्याचा बरोबर आकडा करून देतं. स्वतः करून बघ, फार आनंद होईल. चालायला लागलं की बाबांना वापरायला बसव. तू शेजारी बस, पण मधे बोलू नकोस. ते कुठे अडतात ते वहीत लिहून घे आणि तेवढंच दुरुस्त कर. मग गिटहबवर टाक. बाबांचं नाव, खात्याचा नंबर, पट्टीचा फोटो मात्र चुकूनही टाकू नकोस. पुढे मुलाखतीत ‘काय केलंस?’ विचारलं की सांगायला तुझ्याकडे तुझं स्वतःचं काहीतरी असेल, आणि ते सांगताना तुझा आवाज कापणार नाही.

अडलीस की विचार. पण ‘ताई, चालत नाहीये’ एवढंच लिहिलंस, तर मी काय सांगणार? काय करायचं होतं, काय लिहिलंस, एरर अक्षरशः काय आला आणि तू स्वतः काय करून पाहिलंस, हे लिही. निम्म्या वेळा लिहितालिहिताच उत्तर सापडतं. सरांनाही असंच विचार. चॅटजीपीटीलाही विचार, मी अडवणार नाही. फक्त त्याने दिलेलं वाच, समजून घे, ते बंद कर आणि परत स्वतःच्या हाताने लिही. तसं लिहिता आलं नाही, तर ते तुला अजून आलेलं नाही.

इंग्रजीचा धाक वाटत असेल, तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ. लिनक्स, सी अशा विषयांचे छोटे धडे त्यात मराठीतही आहेत. एनपीटीईएलची व्याख्यानंही फुकट आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे भरायचे. आपल्याकडे ऐन अभ्यासाच्या वेळी लाइन जाते, म्हणून धडे कॉलेजातच डाउनलोड करून आण.

पैशाचं एक सांगते. नोकरीची हमी देऊन हजारो रुपये मागणारा क्लास आणि पैसे घेऊन इंटर्नशिप देणारी कंपनी, दोघांनाही सरळ नाही म्हण. हे पैसे कापसा-सोयाबीनचे आहेत. त्यापेक्षा हक्काचं आहे ते घे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन पूर्ण माफ करतं, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला असला की झालं. त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणही करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही.

आणि संध्याकाळी सैपाकाच्या वेळेतला एक तास तुला मोकळा हवा, हे आईला मी सांगते. ते तू माझ्यावर सोड.