कापड छापण्याचें मेज थोडक्या खर्चांत कसें करावें

घरीं ठशांनीं कापड छापूं पाहणारी मंडळी पहिला पैसा ठशांवर व रंगांवर घालिते, आणि मेजाची पाळी आली म्हणजे हात आखडून जेवणाचेंच मेज पुढें ओढते. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. एक ठसा वाईट निघाला तर तेवढाच बदलतां येतो. परंतु मेजाला खळगा असला तर त्या जागीं उत्तम ठसाहि पुसटच उमटणार. त्यांतून कापड बहुधा गिऱ्हाईकाचें असतें. एखादी चांगली साडी भरून द्यावी लागली कीं मेजांत वांचविलेला पैसा गेलाच म्हणावयाचा.

तथापि चांगलें मेज म्हणजे महाग मेज नव्हे. जयपुराजवळील सांगानेर व बगरू येथील छिप्यांचीं लांब मेजें प्रसिद्ध आहेत. त्यांचा गुण लांकडापेक्षां वर ताणून बसविलेल्या थरांत अधिक आहे. लांकडी ठशाखालीं नुसती कठीण फळी असली, तर ठशाचीं उंच टोकें तेवढीं कापडास लागतात व मधली नक्षी कोरी राहते. खालीं गादी असली म्हणजे ठशाचें सारें तोंड कापडास भिडतें. गादी फार मऊ झाली तर मात्र ठसा आंत रुततो आणि रंग फासटतो. दाबल्यानें किंचित् दबावी व हात उचलतांच पूर्ववत् व्हावी, एवढीच नरमाई हवी.

फळीसाठीं पाऊण इंच जाडीचें प्लायवुड घ्यावें. तें बाजारांत ८ फूट लांब व ४ फूट रुंद मिळतें. तें अखंडच वापरावें, म्हणजे कापण्याची मजुरी वांचते. साडीचा पन्हा त्यावर सहज मावतो. सहावारी साडी अशा मेजावर तीन वेळां सरकवावी लागते, नऊवारी चार वेळां. जुनें सपाट दार मिळाल्यास रुमाल व अभ्रे छापण्यास तेंहि पुरतें. घेण्यापूर्वीं त्यावर ताणलेली दोरी उभी, आडवी व तिरपी धरून पाहावी; दोरीखालून उजेड दिसला तर तेथें खळगा आहे असें समजावें.

दोन घोड्यांवर एवढी फळी मध्यें वाकते, म्हणून घोडे तीन करावे. उंची उभ्या माणसाच्या कोपराहून वीतभर खालीं असावी, कारण ठशाच्या पाठीवर मुठीनें ठोका द्यावयाचा असतो. घरांत दोघी काम करणाऱ्या असल्यास उंच बाईचें माप धरावें. दुसरीनें पायांखालीं पाट घ्यावा.

आतां गादी. गोणपाट धुऊन, वाळवून, त्याची शिवण उसवावी. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण आंतील शिवणीची रेघ वरच्या छपाईंत उमटते. गोणपाटाचे दोन-तीन थर, त्यांवर जुनें कांबळें, व त्यांवर मेणकापड, असा क्रम ठेवावा. कांबळें विरलेलें चालेल. भोंक पडलेलें चालणार नाहीं. प्रत्येक थर बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे ताणीत न्यावा व फळीच्या खालच्या अंगास चुकांनीं बसवावा. चुका तूर्त अर्ध्याच ठोकाव्या.

सर्वांत वर धुतलेला मांजरपाट पसरून कडेस टांचण्या लावाव्या. कापडांतून खालीं उतरणारा रंग तो शोषून घेतो. तो नसला तर रंग मेणकापडावर सांचून पुढल्या कापडाची पाठ डागाळतो. मांजरपाट दोन असावे, एक मेजावर, एक दोरीवर.

मग टाकाऊ कापड अंथरून एकच ठसा ओळीनें मेजभर छापून पाहावा. जेथें फिका उमटेल तेथें खूण करावी, थर उचलून त्या जागीं पातळ कापडाचा तुकडा सारावा, आणि पुनः छापावें. तुकड्याच्या कडांचे दोरे काढून त्या विरळ कराव्या, नाहीं तर खळगा जाऊन उंचवटा येईल. सर्वत्र ठसा सारखा उमटला म्हणजे चुका पुऱ्या ठोकाव्या. तोंपर्यंत गिऱ्हाईकाचें कापड मेजावर घेऊं नये.