मोबाईलवरचा छळ

आपल्या शहरात मुकुंदवाडीपासून गुलमंडीपर्यंत घरोघरी मोबाईल आहे. वर्गातल्या मुलामुलींचा त्यावर गट असतो. तिथे कोणी एखाद्या मुलीचा फोटो बिघडवून टाकतो. बाकीचे हसतात. मुलगी जेवत नाही, शाळा नको म्हणते. मग घरी का सांगत नाही? फोन काढून घेतील, ही धास्ती! म्हणून आम्ही आईबापांना सांगतो, आधी तिचे ऐका. उलट शिव्या देऊ नका. मजकूर पुसू नका, तोच पुरावा. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, मग त्या माणसाला ब्लॉक करा. मुलांसाठी १०९८ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो. शहरात सायबर पोलीस ठाणेही आहे. मुलांची अश्लील चित्रे पसरवणे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. आणि आपलाच मुलगा हसणाऱ्यांत असला तर? त्यालाही जवळ बसवून विचारा, फोटो पुढे कोणाला पाठवलास?