जवानाचे पेन्शन : घरच्यांनी काय जपावे?



ऊस नोंदणीसाठी आम्ही वस्तीवर आलो की बऱ्याच घरांत भिंतीवर वर्दीतल्या मुलाचा फोटो दिसतो. चहा होतो आणि मग पेटीतून एखादा लखोटा निघतो. "साहेब, एवढं वाचून दाखवा." आम्ही शेतकी खात्याची माणसे, वकील नव्हे. तरी असे कागद वाचता वाचता जे समजून घेतले, ते आज इथे मांडत आहोत.

मागच्या हंगामात एका तात्यांनी असाच लखोटा पुढे केला. मुलाचा गुडघा सरावात निकामी झाला आणि त्याला सैन्यातून घरी पाठवले. अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर, कारण अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही, असे पत्रात लिहिलेले. "सरकारनं नाही म्हटलं, मग झालंच की," असे म्हणून तात्यांनी ते पत्र देवाच्या फोटोमागे ठेवले होते. पत्राच्या शेवटी अपिलाला सहा महिन्यांची मुदत दिली होती. त्यातले पाच महिने उलटून गेलेले!

म्हणून आधी पेन्शनचे प्रकार समजून घेऊ. हिशेबाला सोपे जावे म्हणून जवानाचा शेवटचा पगार ४०,००० रुपये धरू. महागाई भत्ता वेगळा.

१. सेवा पेन्शन : जवानाची किमान १५ वर्षे नोकरी झाली पाहिजे. पेन्शन पगाराच्या निम्मे, म्हणजे २०,०००.

२. अपंगत्व पेन्शन : अपंगत्वामुळे सैन्यातून काढले आणि ते अपंगत्व सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले ठरले, तर १५ वर्षांची अट नाही. मात्र अपंगत्व किमान २० टक्के हवे. निम्मा पगार मिळतोच, वर अपंगत्वाचा भाग मिळतो. १०० टक्के अपंगत्वाला तो पगाराच्या ३० टक्के असतो. ५० टक्क्यांखालचे अपंगत्व अशा वेळी ५० धरतात. म्हणजे ४० टक्के लिहिले असले तरी ५० धरून ६,००० रुपये होतात. इजा लढाईत झाली असेल तर हाच भाग दुप्पट.

३. कुटुंब पेन्शन : साधे ३० टक्के, म्हणजे १२,०००. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर ६० टक्के, म्हणजे २४,०००. युद्धात किंवा शत्रूशी लढताना वीरमरण आले तर पूर्ण पगार, ४०,०००.

पाहा, एकाच घरात एका शब्दाने किती फरक पडतो! 'सेवेमुळे' हा शब्द कागदावर आला की नाही, यावर सगळे उभे आहे. तो शब्द इजा झाली त्या वेळच्या कागदांवर ठरतो. इजेचा अहवाल, चौकशीचे कागद, दवाखान्याची कागदपत्रे यांच्या प्रती मुलाने तेव्हाच मागून घ्याव्यात आणि एक संच घरी ठेवावा.

एक गोष्ट आपल्या कामाची म्हणून ठळक सांगतो. मुलगा रजेवर येतो तो नेमका तोडणीच्या दिवसांत, आणि आपण त्याला ट्रॅक्टरवर बसवतो. रजेवर घरच्या कामात झालेल्या इजेचा सैन्यसेवेशी संबंध नाही, म्हणून न्यायालयांनी असे दावे फेटाळलेले आहेत. चार दिवस आलेल्या पोराला ट्रॉलीखाली घालू नका!

दुसरी गोष्ट नोंदीची. लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसात झालीच पाहिजे. सुनेचे नाव आधारवर एक आणि सैन्याच्या कागदावर दुसरे, असे असेल तर आजच दुरुस्त करा. नोंद नसलेल्या उसाला तोड कधी मिळते, हे आपणास सांगायला नको. पेन्शन सुरू झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तोही चुकवू नये.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तीत भरती होणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. चार वर्षांनंतर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख मिळतात आणि नोकरीत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा असतो. सेवेमुळे अपंगत्व आले तर टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख एकरकमी. म्हणजे इथेही तोच शब्द आडवा येतो. मुलाला भरतीला पाठवताना हे माहीत असावे.

दावा नामंजूर झाला तर खचू नका. आधी अपील, मग दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या जवानाला पुढे आजार जडला तर तो सेवेमुळे मानावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये दिला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. त्यामुळे मुलगा कोणत्या तारखेला सैन्यातून सुटला ते पाहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. दलालाला एक पैसाही देऊ नये.

तात्यांच्या पेटीत तळाशी इजेचा अहवाल सापडला. अर्ध्या पानाचा, अधिकाऱ्याच्या सहीचा, 'कर्तव्यावर असताना' असे लिहिलेला. तो जोडून मुदतीच्या नऊ दिवस आधी अपील गेले. निकाल अजून यायचा आहे.

वजनकाट्याची पावती आपण बिल मिळेपर्यंत जपतो. जवानाचा कागद त्याच्या बायको-मुलांच्या हयातीपर्यंत जपावा. आपल्या घरी असा एखादा लखोटा असेल तर तो देवामागे ठेवू नका. आम्ही गटात येऊ तेव्हा बाहेर काढा, मिळून वाचू.