कोंडी कोणी केली? आणि तुमचा गिअर कोणता होता?

लंडनभोवतीच्या एम-२५ वरून नेहमी जात असाल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. पंधरा-वीस मिनिटं गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि मग एकदम रस्ता मोकळा. अपघात नाही, खोदकाम नाही, बंद पडलेली गाडी नाही. पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या माझ्या आईने विमानतळावरून घरी येताना विचारलं होतं, "अगं, मग आपण थांबलो होतो कशाला?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर जपानमध्ये आहे. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना एवढंच सांगितलं, की ताशी ३० किलोमीटरने चालवत राहा. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यात सिग्नल नव्हता, वळणाचा फाटा नव्हता, अडथळा नव्हता. तरी थोड्याच वेळात काही गाड्या चक्क थांबू लागल्या, आणि ती कोंडी ताशी सुमारे २० किलोमीटरने उलट्या दिशेला सरकत राहिली.

असं का होतं? पुढच्याचा वेग जरासा कमी झालेला तुमच्या लक्षात यायला क्षणभर लागतो. तोवर अंतर कमी झालेलं असतं, म्हणून तुम्ही त्याच्यापेक्षा थोडा जास्त ब्रेक दाबता. तुमच्या मागचा आणखी जास्त. असं होत होत मागे कुणीतरी पूर्ण थांबतो. गाड्या पुढे जातात, कोंडी मागे जाते. तुम्ही तिच्यात अडकता तेव्हा तिला सुरुवात करून देणारा केव्हाच घरी पोचून चहा घेत असतो!

आता थोडा हिशेब. इथे पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायला शिकवतात. गाडीची लांबी ५ मीटर धरा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणून एका गाडीला ४० अधिक ५, असा ४५ मीटर रस्ता लागतो. म्हणजे एका लेनमधून तासाला १६०० गाड्या जातात. वेग दीडपट, म्हणजे ताशी १०८ केला तर? फक्त १६६० च्या आसपास! वेग पन्नास टक्क्यांनी वाढला, गाड्या जेमतेम चार टक्क्यांनी. एम-२५ वर १९९५ पासून गर्दीच्या वेळी वेगमर्यादा कमी करतात, त्यामागे हेच गणित आहे. वेग थोडा उतरवून रस्त्याचं फारसं नुकसान होत नाही, पण सगळे एकसारखे चालले की ब्रेक कमी लागतात आणि मागून आदळण्याचा धोकाही घटतो.

गिअरचा संबंध इथे येतो. साधारण छोट्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिनच्या १४ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते, दुसऱ्याला सुमारे ८ मागे एक, पाचव्याला ३ मागे एक. खालच्या गिअरमध्ये जोर जास्त, वेग कमी. थांबलेली गाडी हलवायला हा जोर लागतो, म्हणून पहिला गिअर. पण मग क्लच, दुसरा, पुन्हा क्लच, आणि दर वेळी क्षणभर ओढ तुटते. रांगेच्या तोंडाशी गाड्या अशा अडखळत निघतात आणि शेपटाला मात्र भराभर येऊन लागतात. म्हणून कोंडी टिकते.

आता इंजिन नुसतं मिनिटाला ८०० फेऱ्यांवर चालू आहे, पाय रेसवर नाही, आणि चाकाचा घेर १.९ मीटर आहे असं समजा. पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने चालेल, दुसऱ्यात साडेअकराने. रांग सरासरी ताशी ११ ने सरकत असेल, तर पुढे थोडी जागा सोडून दुसऱ्या गिअरमध्ये नुसतं चालत राहता येतं. शेजारचा रेस देतो, ब्रेक मारतो, थांबतो, पुन्हा पहिला टाकतो. पोचता दोघंही एकाच वेळी! (ऑटोमॅटिकवाल्यांनो, ब्रेकवरून पाय काढला की तुमची गाडीही हळूहळू सरकते.)

वेग असतानाही खालचा गिअर उपयोगी पडतो. पाचव्यात रेस सोडली तर गाडी वाहत जाते, तिसऱ्यात सोडली तर इंजिनच तिला आवरतं. खंडाळ्याच्या घाटात ट्रक याच जोरावर उतरतात. मात्र असं एकदम करू नका. ब्रेकचा दिवा लागत नसल्याने मागच्याला ते कळत नाही.

"जागा सोडली की लगेच कुणीतरी घुसतं," असं तुम्ही म्हणाल. घुसतं, मान्य. पण घुसलेल्या एका गाडीमागे तुमचे दोन-सव्वादोन सेकंद जातात. घरी पोचेपर्यंत दहा जण घुसले, तरी अर्धा मिनिटसुद्धा नाही.