सूर्याची ओढ

रायगड जिल्ह्यात, कर्जत-खालापूरच्या बाजूस कुंभिवली हे गाव आहे. पौषातील पहाटे तेथे चांगलीच थंडी असते. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वाल वाढत असतो आणि त्याच्या पानांवरील दव ऊन वर आल्याखेरीज वाळत नाही. याच दिवसांत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, असे कोणी सांगितले, तर ते खरे वाटणार नाही. पण ते खरे आहे.

जानेवारीच्या आरंभी हे अंतर सुमारे 14 कोटी 71 लक्ष किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी, गावात भाताची लावणी चालू असताना, ते 15 कोटी 21 लक्ष होते. ऋतू या अंतरामुळे होत नाहीत. ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे होतात. अंतराने बदलते ती सूर्याची ओढ.

पृथ्वी जड पदार्थांना आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहून ठेवले. हीच ओढ सूर्य आणि ग्रह यांच्यातही असते व ती किती असते, हे न्यूटनने 1687 साली गणिताने दाखविले. तारा किंवा ग्रह यांपैकी एकाचे वस्तुमान दुप्पट असते, तर ओढही दुप्पट झाली असती. अंतराचा हिशेब निराळा आहे. अंतर दुप्पट झाले, तर ओढ निम्मी नव्हे, चौथा हिस्सा उरते. तिप्पट झाले, तर नववा. ताऱ्याच्या तेजाशी किंवा उष्णतेशी तिचा संबंध नाही. आषाढातील ढग ऊन अडवितात; ओढ अडवीत नाहीत.

गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या 5.2 पट दूर आहे. केवळ अंतर पाहिले, तर त्याच्यावरील ओढ सत्ताविसावा हिस्सा असावयास हवी. परंतु त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या 318 पट आहे! म्हणून सूर्य गुरूला पृथ्वीपेक्षा सुमारे बारापट जोराने ओढतो.

पृथ्वीचे वस्तुमान वर्षभर तेच असते. जानेवारी व जुलै यांच्या अंतरांत शेकडा साडेतीनहूनही कमी फरक पडतो. ओढीत मात्र तो शेकडा सातच्या जवळ जातो. सूर्याकडे सरकताना या ओढीने पृथ्वीचा वेग वाढत जातो आणि दूर जाताना घटतो. जानेवारीत ती सेकंदाला सुमारे 30.3 किलोमीटर धावते, जुलैत 29.3. त्यामुळे मार्चमधील विषुवदिनापासून सप्टेंबरमधील विषुवदिनापर्यंत सुमारे 186 दिवस लागतात, तर तेथून पुन्हा मार्चपर्यंत, थंडीच्या बाजूने, केवळ 179. कुंभिवलीतील घराच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेवरही हे दिवस मोजता येतात.